चादरबाईंचा नाताळ

आमच्या हॉस्पिटलात त्यांना खऱ्या नावाने कधी कोणी हाक मारली नाही. मिशनच्या कागदांवर त्यांचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते उच्चारताना रखवालदारापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची जीभ अडखळायची. म्हणून त्या चादरबाई झाल्या. त्यांनाही ते नाव आवडायचं. फोन उचलला की म्हणायच्या, "चादरबाई बोलतो." बोलते नाही, बोलतो.

त्या तिशीत आल्या समुद्रापलीकडून, देवाचा शब्द सांगायला. पहिल्या रविवारी प्रार्थनेच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. महिनाभरात सात-आठ माणसं उरली, आणि त्यातलीही दोन बाहेर ऊन आहे म्हणून आत आलेली. त्यांना बोलता येत नव्हतं. म्हणजे आमची भाषा त्या शिकल्या होत्या, पण वस्तू कोण 'तो' आणि कोण 'ती' हे शेवटपर्यंत त्यांच्या ताब्यात आलं नाही. तो चादर, ती साबण, तो बादली. कोणी दुरुस्त केलं तर म्हणायच्या, "धुताना काय फरक पडतो?"

धुलाईघरात त्या गेल्या त्या एका रुग्णामुळे. वॉर्डात फिरताना त्यांना एक म्हातारा नुसत्या रेक्झिनच्या गादीवर पडलेला दिसला. पाठ गादीला चिकटली होती. चादर का नाही, तर वाळलेली नाही. वाळलेली का नाही, तर धुणारा दोन दिवस आलेला नाही. बाईंनी बूट काढले, स्कर्ट खोचला आणि सरळ धुलाईघरात शिरल्या. त्या दिवसापासून बाहेर आल्याच नाहीत म्हणा. मिशनवाल्यांनी दोन-तीनदा विचारलं, प्रवचनाचं काय झालं? यांचं उत्तर, "इथे ऐकणारे जास्त आहेत. भट्टी मध्येच बोलत नाही."

मी त्याच हॉस्पिटलात सिस्टर. मोठा वॉर्ड माझ्याकडे. त्यामुळे चादरींच्या निमित्ताने त्यांच्याशी रोजचा संबंध, आणि रोजचं भांडणही.

साथ आली तेव्हा सगळ्यात आधी मिशनच्या मुख्य कचेरीतून निरोप आला. आपली परदेशातली सगळी माणसं परत बोलावली आहेत, खास विमान आहे, सामान एकच. बाईंच्या थोरल्या बहिणीचाही फोन आला. तिच्या बोलण्याचा आवाज धुलाईघराबाहेर उभं राहूनही ऐकू येत होता, एवढी ती बहीण चिडली होती. फोन ठेवल्यावर बाईंनी मला सगळं सांगितलं.

"ताई म्हणते, आई ब्याऐंशी वर्षांची आहे, तुला लाज नाही का."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, लाज आहे. पण भट्टी पण आहे."

विमानाच्या दिवशी टॅक्सी फाटकाशी येऊन उभी राहिली. चालकाने तीनदा हॉर्न वाजवला. बाई कोपरापर्यंत फेसात माखलेल्या हातांनी बाहेर आल्या, त्याला भाडं दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जा. मी येत नाही." तो बिचारा गोंधळला, म्हणाला, मग मी कुठे जाऊ? "घरी जा. घरीच राहा. सगळे तेच सांगतायत," एवढं बोलून त्या आत गेल्या.

मिशनची बाकीची सगळी माणसं त्या विमानाने गेली. त्यांना मी नावं ठेवत नाही. माझ्याकडे तशी संधी असती तर मीही गेले असते कदाचित.

पुढचे महिने कसे गेले ते सांगायला बसले तर संपायचं नाही. वॉर्ड भरला, व्हरांडा भरला. धुलाईघरात आधी सहा माणसं होती. एकेकाच्या घरच्यांनी कामावर यायला बंदी केली आणि शेवटी उरले बाई, भट्टीवाले मामा आणि इस्त्रीवाली. मामा साठीचे. त्यांना घरी कोणी नव्हतं, त्यामुळे बंदी करणारंही नव्हतं. इस्त्रीवाली तोंडाने फटकळ, हाताने सोन्यासारखी. तिच्या हाताखालून गेलेली चादरीची घडी मोडायला जीव धजायचा नाही.

त्या दिवसांत बाईंनी एक गोष्ट लावून धरली. वॉर्डात जो कोणी दगावेल, त्याला गुंडाळायची चादर इस्त्री केलेलीच हवी. चादरी आधीच कमी. आमचे व्यवस्थापक म्हणाले, "बाई, थोडा व्यवहार बघा. त्या माणसाला आता कळणार आहे का?"

"नाही कळणार."

"घरचेही जवळ नसतात. बघणारं कोणी नाही."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "निरोप द्यायला कोणी नाही, आणि वर चुरगळलेला चादर? मी देणार नाही."

त्यांनी दिली नाही. एकदाही नाही. हे मी सांगते, कारण गुंडाळणारे हात माझे असायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी पलीकडच्या इमारतीचं प्रकरण सुरू झालं. हॉस्पिटलची गच्ची आणि त्या इमारतीची गच्ची समोरासमोर, मध्ये फक्त एक अरुंद रस्ता. गच्चीवर आमच्या चादरी वर्षानुवर्षं वाळत आल्या होत्या. आता तिथल्या लोकांना वाटायला लागलं की वारा सुटला की रोग उडत त्यांच्या खिडकीत येतो. त्यांचे सेक्रेटरी चार माणसं घेऊन व्यवस्थापकांकडे आले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता, पण घाबरलेला माणूस मोठ्याने बोलतो. पाणी तोडू, रस्ता अडवू, वरपर्यंत तक्रार करू, सगळं बोलून झालं.

व्यवस्थापकांनी हात टेकले. त्यांच्यामागे आधीच ऑक्सिजनची, पगारांची, रोज बदलणाऱ्या हुकमांची कटकट होती. त्यांनी ठरवलं की चादरी आता प्रार्थनेच्या हॉलमध्ये वाळत घालायच्या. नाहीतरी प्रार्थना बंदच आहे.

बाकड्यांवरून दोऱ्या बांधल्या. खिडक्या दोन, त्याही उत्तरेला. चादरी वाळेनात. दोन दिवसांनीही हाताला गार लागायच्या आणि त्यांना एक कोंदट वास यायचा, तो काही केल्या जाईना. माझ्या वॉर्डात पालथं झोपवलेले रुग्ण होते, त्यांचे गाल तासन्‌तास त्या चादरीवर. कोणाच्या पाठीला पुरळ उठलं, कोणाला जखमा झाल्या. मी खाली जाऊन बाईंवर आवाज चढवायचे आणि त्या निमूट ऐकून घ्यायच्या. त्यांचं निमूट बसणं मला जास्त लागायचं, कारण ते त्यांना शोभत नव्हतं.

डिसेंबरमध्ये इस्त्रीवाली आजारी पडली. सकाळी इस्त्री करता करता बसली ती उठलीच नाही. माझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर तिला ठेवलं. तिच्यामागे इस्त्रीही बाईंकडे आली.

नाताळ तीन दिवसांवर असताना व्यवस्थापकांनी सूचना काढली. यंदा सजावट नाही, दिवे नाहीत, गच्चीवर चांदणी नाही, गाणी नाहीत. लोकांचं लक्ष वेधून घेईल असं काहीही नाही. शहाणपणाचीच सूचना होती, मलाही ती पटली. ती वाचून बाई माझ्याकडे वॉर्डच्या दाराशी आल्या.

"सिस्टर, तुमच्या वॉर्डात खाटा किती?"

"तुम्हाला माहीत आहे."

"नाताळच्या सकाळी सगळे चादर एकदम बदलायचे. सगळे. कोरडे, उन्हातले."

मी हसलेच. आमच्याकडे चादर तिसऱ्या दिवशी बदलली तरी नशीब. शिवाय एका वेळी सगळ्या बदलायच्या तर नळ्या लावलेल्या माणसांना उचलायचं, वळवायचं, आणि माझ्या हाताखालच्या नर्स मुली आधीच दमून गेलेल्या. मी म्हणाले, "बाई, ऊन कुठून आणणार? हॉलमध्ये?"

"ऊन वर आहे," त्या म्हणाल्या. "तिथेच असते. आपणच खाली आलो."

दुसऱ्या दिवशी त्या व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या. मी मास्कचा हिशेब द्यायला तिथेच उभी होते, म्हणून ऐकलं. बाईंनी परवानगी मागितली नाही, नुसतं कळवलं की उद्यापासून चादरी गच्चीवर जातील.

व्यवस्थापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, मी त्या लोकांना शब्द दिलाय."

"मी नाही दिला."

"पाणी तोडलं तर?"

"तर मी त्यांच्या दारात बसतो बादली घेऊन. उकळत्या पाण्यातून काढलेला, सोड्यातून काढलेला, उन्हात वाळलेला चादर त्यांच्या घरातल्या चादरपेक्षा स्वच्छ असतो. त्यांनी येऊन बघावं. मी धुऊन दाखवतो."

"तुम्ही ऐकणार नसाल तर मला मिशनला कळवावं लागेल. ते तुम्हाला परत बोलावतील."

"बोलावू दे," बाई म्हणाल्या. "विमानं सुरू झाली की लगेच पाठवा."

विमानं बंद होती हे व्यवस्थापकांनाही माहीत होतं. त्यांनी चष्मा चढवला आणि माझ्याकडून मास्कचा हिशेब मागितला. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

चोवीस तारखेला सकाळीच भट्टी पेटली. मामांनी दोनदा पाणी उकळलं. ओल्या चादरींचं ओझं काय असतं ते उचलल्याशिवाय कळत नाही. दोघांनी मिळून ते तीन मजले वर नेलं. मामा प्रत्येक मजल्यावर थांबून म्हणायचे, "बाई, तुमच्या देवाने लिफ्ट का नाही दिली?" आणि बाई म्हणायच्या, "त्याने पाय दिले. लिफ्ट व्यवस्थापकांनी द्यायची." जेवणाच्या सुट्टीत मीही वर गेले. दोऱ्या भरत आल्या होत्या. वारा होता, चिमटे कमी पडत होते, आणि डिसेंबरचं ते कोवळं ऊन सगळ्या गच्चीभर पसरलं होतं. कित्येक महिन्यांत मी एवढं आकाश एकदम पाहिलं नव्हतं.

समोरच्या गच्चीवर सेक्रेटरी आले. पाठोपाठ आणखी तिघे-चौघे.

"काय चाललंय हे? ठरलं होतं ना आपलं?" ते ओरडले.

"नाताळ चाललाय," बाई इकडून ओरडल्या.

"आमच्या घरात लहान मुलं आहेत."

"आमच्या घरात आजारी माणसं आहेत. त्यांच्या पाठी सडतात."

"तुम्ही आधी त्या चादरी खाली घ्या."

बाईंनी हातातली चादर झटकली, दोरीवर टाकली आणि तिला चिमटा लावला. मग कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही पोलीस बोलवा. मी इथेच आहे, संध्याकाळपर्यंत. पण एक विचारतो. उद्या तुमच्यापैकी कोणाला इथे यावं लागलं, तर ओला चादर देऊ की कोरडा?"

पलीकडे कोणाला ते पटलं नाही. सेक्रेटरी रागाने खाली गेले, जाताना पोलिसांचं नाव घेऊन गेले. पोलीस खरंच आले. एकटा हवालदार होता. फाटकाशी उभं राहून त्याने वर पाहिलं, मामांना दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "धुणं वाळत घालणं हा गुन्हा कुठे लिहिलाय ते मी शोधतो." तो पुन्हा आला नाही.

संध्याकाळी चादरी उतरवल्यावर बाईंनी आणखी एक उद्योग केला. फाटून बाद झालेल्या चादरींची त्यांनी आठवडाभर बसून एक मोठी चांदणी शिवली होती, पाच टोकांची, माणसापेक्षा उंच. ती त्यांनी रिकाम्या दोरीवर टांगली, पलीकडच्या इमारतीकडे तोंड करून. मी म्हणाले, "सूचनेत चांदणी नाही असं स्पष्ट लिहिलंय."

"हे धुणं आहे," त्या म्हणाल्या. "वाळत घातलंय."

नाताळच्या सकाळी आम्ही खरोखर सगळ्या चादरी बदलल्या. मुली कुरकुरत आल्या होत्या, पण पहिली खाट झाल्यावर कुरकुर थांबली. उन्हात वाळलेल्या चादरीची घडी उलगडली की एक ऊब आणि वास बाहेर येतो. मास्कमधून तो आम्हाला येत नव्हता, पण रुग्णांचे चेहरे बघून कळत होतं. एका आजोबांनी उशीवर गाल घासला आणि डोळे मिटून पडून राहिले. एक तरुण मुलगा, महिनाभर ज्याने कोणाशी शब्द काढला नव्हता, तो म्हणाला, "घरच्यासारखा वास येतोय." माझी एक मुलगी तोंड फिरवून खिडकीकडे गेली.

बाई अंगभर तो प्लास्टिकचा पोशाख घालून ढकलगाडी घेऊन मागोमाग होत्या. प्रत्येक खाटेशी थांबून त्या "नाताळच्या शुभेच्छा" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. देवाचं नाव काढलं नाही, प्रवचन नाही. खिडकीजवळच्या खाटेशी आल्या तेव्हा इस्त्रीवाली उशाला टेकून बसली होती. ऑक्सिजन निघाला होता तिचा, पण धाप अजून लागायची. तिने नव्या चादरीची कड दोन बोटांत धरून पाहिली.

"ही इस्त्री कोणी केली?"

"मी."

"दिसतंय," इस्त्रीवाली म्हणाली.

बाई इतक्या हसल्या की चष्म्यावर वाफ धरली. मग त्या ढकलगाडी तिथेच सोडून सामानाच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने मी आत गेले तर कोऱ्या गाद्यांच्या ढिगावर बसून रडत होत्या. पोशाखात डोळे पुसता येत नाहीत, त्यामुळे पाणी तसंच वाहत होतं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "मी रडतो. पण जात नाही."

दुपारी त्यांच्या घरचा फोन आला, चित्रासकट. बाईंनी मलाही बोलावून शेजारी बसवलं. पडद्यावर चौकोन चौकोन. एकात ताई, एकात भाचा, एकात भाची, आणि एकात फक्त एक कपाळ आणि पांढरे केस. ती आई. आईला कॅमेरा कुठे धरायचा ते कळत नव्हतं. बाईंनी सांगितलं, तिकडेही कोणालाच कोणाकडे जायला परवानगी नाही. जेवणाचं टेबल मांडलंय, पण ज्याने त्याने आपापल्या घरी.

ताई काहीतरी बोलली. बाईंनी मला त्याचा अर्थ सांगितला. "ती म्हणते, यंदा तूच एकटी दूर नाहीस. आम्ही सगळेच दूर आहोत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मला सवय आहे. मी शिकवतो तुम्हाला."

मग ते कपाळ बोलू लागलं. आवाज बारीक, पण ठणठणीत. बाई ऐकता ऐकता खुदकन हसल्या. आईने ताईकडे राहायला जायला साफ नकार दिला होता. बंदी यायच्या आधी पोरं न्यायला आली तर आतून कडी लावून घेतली. ताईचं म्हणणं, आई हट्टी आहे. आईचं म्हणणं, मी माझ्या घरात मेले तरी चालेल, पण दुसऱ्याच्या घरातला चहा मला चालत नाही. मला त्यांची भाषा येत नाही, पण त्या दिवशी बाईंचं सगळं कुळ मला समजलं.

फोन संपताना सगळ्यांनी मिळून एक गाणं म्हटलं. आवाज मागेपुढे येत होते, कोणाचाच कोणाला मेळ नाही. बाई सगळ्यात मोठ्याने म्हणत होत्या, बेसूर. दाराशी उभे मामा कानावर हात ठेवून हसत होते.

नाताळ असा झाला. त्याचे परिणाम पुढे झालेच. पलीकडच्या इमारतीने आमच्याशी अबोला धरला, तो साथ ओसरल्यावरही बरेच दिवस टिकला. चादरी मात्र गच्चीवरच राहिल्या, व्यवस्थापकांनी त्याबद्दल परत शब्द काढला नाही. पण मिशनला कळवायचं ते त्यांनी कळवलं होतं. दिलेला शब्द पाळणारा माणूस तो. विमानं सुरू झाली आणि कचेरीतून हुकूम आला. वय झालं, शिस्त मोडली, आता परत या, इथे आश्रमात तुमच्यासाठी खोली ठेवली आहे.

बाईंनी दोन दिवस नेहमीसारख्या चादरी धुतल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मिशनचा राजीनामा दिला. इतक्या वर्षांनंतर, एका ओळीचा. आणि त्याच दुपारी त्या व्यवस्थापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर, धुलाईघरातल्या रिकाम्या जागेसाठी आलेल्या तीन उमेदवारांच्या शेजारी जाऊन बसल्या.

त्यांची पाळी आली तेव्हा व्यवस्थापकांनी मान वर केली आणि तशीच ठेवली.

"बाई, हे काय आहे?"

"नोकरी मागायला आलो."

"तुम्ही मिशनरी आहात."

"काल होतो. आज धुणारी आहे. मिशन मला परत बोलावू शकतं. धुणारीला कोण बोलावणार?"

व्यवस्थापकांनी नियमाप्रमाणे विचारायचं ते विचारलं. आधीचा अनुभव? बाई म्हणाल्या, "तुम्हीच लिहा. तुम्हाला जास्त माहीत आहे." वजन उचलता येईल का? बाईंनी खोलीतली पाण्याची भरलेली टाकी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. टाकी परत जागेवर ठेवायला शिपायाला बोलवावं लागलं. कागदपत्रांची भानगड निस्तरायला व्यवस्थापकांना चार महिने लागले, कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत ते स्वतः जाऊन बसले. हे त्यांनी का केलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि बाईंनीही आभार मानले नाहीत. फक्त काम झालं त्या महिन्यात त्यांच्या खोलीतले पडदे दोनदा धुतले गेले.

नोकरीचा एक फायदा बाईंच्या ध्यानातच आला नव्हता. मिशनमध्ये त्यांना रजा अशी कधी नव्हतीच, देवाच्या कामाला कसली रजा. धुलाई कामगाराला वर्षाची पगारी रजा मिळते. कारकुनाने हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्याला तीनदा विचारलं, "नक्की?" पुढच्या नाताळला त्या पंधरा दिवस घरी गेल्या, स्वतःच्या पगाराच्या तिकिटावर.

परतल्यावर मी विचारलं, आई काय म्हणाली?

"म्हणाली, आधीच सोडायचं होतंस मिशन, दरवर्षी आली असतीस."

"बरोबरच आहे त्यांचं. मग सुट्टीत केलंत काय?"

"पहिल्याच दिवशी आईने घरातले सगळे पडदे काढून माझ्यापुढे टाकले," बाई म्हणाल्या. "आणि वर म्हणते, बघू तर, तिकडे एवढी वर्षं काय शिकलीस."